आमची होडी दुकानात का नाही

वर्षातून तीन-चार ईमेल तरी येतातच. लिहिणारे आता चाळिशीच्या आसपासचे असतात. लहानपणी घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबत एक सीडी मिळाली होती, तिच्यावर 'सोपाऱ्याची होडी' नावाचा गेम होता, तो आता कुठे विकत मिळेल का, असं विचारतात. जुने गेम आता इंटरनेटवरच्या दुकानांतून घरबसल्या उतरवून घेता येतात, मग हाच एक का नाही? एकाने तर चिडून लिहिलं होतं, की तुम्हा लोकांना आपल्याच कामाची कदर नाही. मी सगळ्यांना एकाच ओळीचं उत्तर पाठवतो. 'या गेमचे हक्क स्पष्ट नसल्यामुळे तो उपलब्ध नाही.'

उत्तर खरं आहे. पण ते पाठवलं की मला दिवसभर बरं वाटत नाही. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हटलं, तेव्हा ठरवलं की एकदा या ओळीमागचं सगळं सांगून टाकावं. ज्यांना ती ओळ मिळाली त्यांच्यातलं कुणी हे वाचेल न वाचेल.

माझं काम काय ते आधी सांगतो, कारण शेजाऱ्यांनाही ते अजून नीट कळलेलं नाही. मी जुन्या कॉम्प्युटर गेमचे मालक शोधतो. इंटरनेटवरच्या दुकानाला एखादा जुना गेम विकायला ठेवायचा असला, की तो विकायची परवानगी नेमकी कुणाकुणाची लागेल हे हुडकून त्यांच्या सह्या आणायच्या. लोकांना वाटतं, गेम दुकानात नाही म्हणजे तो हरवला. कधीकधी हरवतोही. वसईजवळच्या सातिवलीतल्या एका कंपनीने दिवाळीच्या साफसफाईत स्वतःच्याच गेमचा मूळ कोड असलेली हार्ड डिस्क पुसून हिशेबाच्या कॉम्प्युटरला बसवली होती. वर त्याची पूजाही केली. पण बहुतेक गेम हरवलेले नसतात. कुणाच्या तरी कपाटात सीडी असते, ती चालतेही. फक्त विकता येत नाही.

कारण गेम ही एकट्याची वस्तू नसते. कोड एकाने लिहिलेला, चित्रं दुसऱ्याची, गाणं तिसऱ्याचं, आवाज चौथ्याचा. पडद्यावरची अक्षरं ज्या फाँटमधली, तो फाँट आणखी कुणाचा. चित्रं हलवणारी आतली यंत्रणा परदेशातल्या कंपनीकडून वापरायला घेतलेली, आणि ती कंपनी मधल्या काळात दुसरीने गिळलेली. त्या वेळी कुणी कागद केलाच असेल तर तो सीडीवर विकण्यापुरता. इंटरनेटवरून उतरवून द्यायची परवानगी कोण घेणार? असं काही होणार आहे हेच ठाऊक नव्हतं.

आमच्या वसईच्या माणसाला हे लवकर कळतं. आजोबांच्या नावाची वाडी असते. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढत चढत पान भरतं. त्यातला एक कुवेतला, एक बोलत नाही, एक कुठे आहे ते देवालाच माहीत. वाडीत केळी आहेत, विहिरीला पाणी आहे, पण वाडी विकता येत नाही. जुन्या गेमचं तसंच असतं. फक्त गेमचा सातबारा कुणी लिहिलेलाच नसतो, तो मला शोधत हिंडून लिहावा लागतो.

नालासोपाऱ्याला दोन साडूंनी मिळून मोटारींच्या शर्यतीचा एक गेम काढला होता. नंतर बिनसलं. राहायला मात्र एकाच बिल्डिंगमध्ये, वरखाली. मी खालच्यांकडे गेलो.

"वरच्याने सही केली का?" त्यांनी विचारलं.

"ते म्हणतात, आधी तुमची."

"मग बसा."

"बसतो की. कुठे बसू?"

"जिन्यात बसा. आमचं सगळं तिथेच ठरतं."

मी खरंच जिन्यात बसलो. दोन्ही घरांतून चहा आला. वरच्या बाई म्हणाल्या, "बहिणीच्या हातचा आधी प्यायलात ना? साखर जास्त घालते ती." सही काही झाली नाही. तो गेम अजूनही दुकानात नाही, आणि का नाही ते त्या जिन्याला माहीत आहे.

ही गोष्ट मी हसत सांगतो. दुसरी तशी सांगता येत नाही.

वसई पश्चिमेच्या एका गावात ग्रेगरी मास्तर म्हणून चर्चच्या क्वायरचे, म्हणजे गायकवृंदाचे, शिक्षक होते. नाताळच्या देखाव्याचा लहान मुलांसाठीचा एक गेम होता, त्यात त्यांच्या क्वायरने गाणी म्हटली होती. तो दुकानात जायचा ठरला, तेव्हा गाणाऱ्या प्रत्येकाची सही हवी होती. काहीजण परदेशी गेले होते, एकजण वारली होती. अशा वेळी आमच्या धंद्यात एक सोपा उपाय असतो. ज्याची सही नाही ते काढून टाकायचं आणि त्या जागी दुसरं काही घालायचं. मी गाणी काढली, कीबोर्डवर वाजवलेलं संगीत घातलं, गेम दुकानात गेला. नंतर मास्तरांचा फोन आला.

"सर, गेम लावला. गोठा तोच, चांदणी तीच. आम्ही कुठे आहोत?"

मी म्हटलं, "मास्तर, सगळ्यांच्या सह्या मिळाल्या नाहीत ना."

"हो, बरोबर. सोफीची सही आता कोण देणार." मग म्हणाले, "तिच्या मुलांना बोलावलं होतं ऐकायला. म्हणून विचारलं, दुसरं काही नाही."

मी 'सॉरी' म्हणालो आणि फोन ठेवला. काम पूर्ण झालं म्हणून नोंद केली. त्या दिवशी मी नीट जेवलोही असेन. माझं काही चुकलं असं तेव्हा वाटलं नाही, आणि नियमाने पाहिलं तर चुकलंही नव्हतं. पुढचं समजायला हे माहीत असलेलं बरं.

आता होडीकडे येतो.

नव्वदच्या दशकात मी सातिवलीतल्या एका गाळ्यात कामाला होतो. शेजारी प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणारं युनिट, पलीकडे गोडाऊन, मध्ये आम्ही. गाळा देसाईसरांचा. सर आधी मुंबईत मोठ्या नोकरीत होते. मराठी मुलांसाठी मराठीत गेम काढायचा म्हणून नोकरी सोडली, मुंबईतलं घर विकलं, विरारला फ्लॅट घेतला आणि उरलेलं सगळं त्या गाळ्यात घातलं. त्यांची बायको मालतीकाकू म्हणायच्या, "हे व्यसन करत नाहीत म्हणून लग्न केलं. मला काय माहीत, मिशीवाला माणूस गेम खेळेल म्हणून."

'सोपाऱ्याची होडी' ही सरांची कल्पना. सोपारा हे जुनं बंदर. तिथून एक होडी वऱ्हाड घेऊन निघते, नवरीला मुहूर्ताच्या आत पलीकडे पोचवायचं. वाटेत खडक, भोवरे, ओहोटी. शेवटचा टप्पा धुक्याचा. त्या टप्प्यात पडदा नुसता राखाडी होतो, काहीही दिसत नाही. पलीकडच्या मांडवातून गाणं ऐकू येतं. ते उजव्या स्पीकरमधून मोठं आलं की होडी उजवीकडे वळवायची, डाव्यातून आलं की डावीकडे. कानाने किनारा गाठायचा. कोड मी लिहिला होता, पण सुचलं सरांना. मला त्याचा अजून अभिमान आहे.

गाणं कुठलं, तर धवला. आमच्याकडच्या कोळी आणि आगरी लग्नांत धवलारीण असते. ती लग्नाच्या एकेका विधीला धवले म्हणते, ती म्हणेल तसं लग्न पुढे सरकतं. अर्नाळ्याच्या मथुरामावशी नावाच्या धवलारीण होत्या. विरारच्या बाजारात सुकट आणि बोंबील विकायला बसायच्या. काकू त्यांचं गिऱ्हाईक. त्या ओळखीवर मावशी यायला तयार झाल्या.

गाळ्यात आवाज ध्वनिमुद्रित करायचा म्हणजे एक मोठी पंचाईत होती. शेजारचं बादल्यांचं मशीन दिवसभर धडधडायचं. शांतता फक्त शुक्रवारी, कारण शुक्रवारी आमच्या पट्ट्यात वीज बंद असायची. मशीन बंद, पण आमचे कॉम्प्युटरही बंद. म्हणून आमची पद्धत ठरलेली होती. शुक्रवारी बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरायची आणि शनिवारी वीज आली की ती कॉम्प्युटरवर उतरवायची.

अशा एका शुक्रवारी मावशी आल्या. नवं लुगडं, अंबाड्यात अबोली. शटर अर्धं वर केलेलं, आत उकडत होतं. त्यांनी गाळ्याभर नजर फिरवली.

"मांडव कुठं हाय?"

सर म्हणाले, "मावशी, मांडव गेममध्ये आहे. तुम्ही इथे नुसतं म्हणायचं."

"नुसतं कसं म्हनायचं? कोनाचं लगीन हाय?"

सरांनी गेममधली नवरी समजावून सांगितली. तिचं नाव आम्ही राधा ठेवलं होतं.

"कोनाची पोर?"

"अहो, चित्रातली आहे."

"चित्राचं लगीन मी नाय लावीत." मावशी खुर्चीत बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. "धवल्यात नवऱ्यानवरीचं नाव घ्यावं लागतं. ज्याचं लगीनच नाय त्याचं नाव घेऊन काय करू? थंडा पाजा नि सोडा मना घरी."

सर माझ्याकडे पाहू लागले. माझा तेव्हा साखरपुडा झाला होता, लग्न वैशाखात होतं. ते म्हणाले, "याचं आहे लग्न."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्याचं? ह्याला कोनी दिली पोर?"

सगळे हसले. मग मात्र त्या उठल्या आणि कामालाच लागल्या. शटरला आंब्याच्या डहाळ्या बांधायला लावल्या. पाण्याचा तांब्या, वर नारळ. माझं नाव विचारलं, नवरीचं विचारलं, तिचं गाव विचारलं. शुभांगी, विरारलाच राहते, शाळेत शिकवते, मूळची कोकणातली. "कोळ्याची नाय, तरी चालंल," त्या म्हणाल्या. "दर्याच्या अंगाची हाय ना?" मग डोळे मिटून त्यांनी धवला सुरू केला. प्रत्येक कडव्याच्या शेवटी शुभांगी नवरी आणि प्रमोद नवरा. मध्येच रस्त्यावर एका टेम्पोचा हॉर्न वाजला, तो त्यात आला. त्यांच्या बांगड्या वाजत होत्या, त्याही आल्या. आम्ही दोन्ही तसेच राहू दिले.

शनिवारी सरांनी गेममधल्या राधाची शुभांगी केली. आमच्या लग्नात त्यांनी दिलेला आहेर म्हणजे गेमची पहिली सीडी. शुभांगी माझ्या भावांसमोर तो धुक्याचा टप्पा खेळली आणि खडकावर आपटली. सगळे म्हणाले, नवरी बुडाली. ती म्हणाली, "नवऱ्याने लिहिलंय ना, म्हणून."

गेम फार खपला नाही. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या दुकानदारांनी तो सोबत फुकट वाटला, म्हणून इतक्या घरांत पोचला. काही वर्षांत गाळा गेला. मी इकडेतिकडे नोकऱ्या करत हक्क शोधण्याच्या या कामाला लागलो. सर विरारच्या घरी बसले. मधुमेहाने त्यांची नजर हळूहळू गेली.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. सरांचा फोन आला. आवाज असा, की मी आधी घाबरलोच.

"प्रमोद, आपली होडी मागतायत रे."

जुन्या गेमच्या एका परदेशी दुकानाला होडी विकायला ठेवायची होती. मालतीकाकूंनी ते पत्र वाचून दाखवलं होतं. मी गेलो तेव्हा माझ्यासमोर पुन्हा वाचायला लावलं. आमच्या कंपनीच्या नावाशी आल्यावर सर म्हणाले, "तेवढं परत वाच."

"दुकानात आपली होडी दिसेल," ते मला म्हणाले. "मला दिसणार नाही, ते जाऊ दे. ही मला वाचून दाखवेल. शेजारी येतील, त्यांना दाखवेल. इतकी वर्षं त्यांना वाटतं, मी घर विकून गंमत केली."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आणि हे तर माझंच काम होतं.

कोड माझा, चित्रकार ओळखीचा, फाँट सरांनी स्वतः बनवलेला. सगळं भराभर झालं. राहिला धवला. दुकानाच्या वकिलाचं म्हणणं साधं होतं. गाणं परंपरेने आलेलं असलं तरी गाणाऱ्या बाईंनी लिहून द्यावं, की या गायनाची मालकी फक्त माझी आहे आणि ती मी तुम्हाला देते.

मी अर्नाळ्याला गेलो. मावशी थकल्या होत्या. अंगणात बोंबील वाळत टाकलेले होते आणि त्या काठी घेऊन कावळ्यांना हाकत बसल्या होत्या. मला ओळखलं. "तुजी बायको कशी हाय? बुडाली होती ना ती?" ते काकूंनी त्यांना बाजारात सांगितलेलं. मी कागद वाचून मराठीत सांगितला.

"हे माझं हाय असं लिवायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही म्हटलंत ना."

"म्हटलं मी. पन म्हटलं तुमच्या लग्नाला." त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, जसं काही मलाच काही कळत नव्हतं. "लग्नात म्हटलेलं ज्याचं लगीन त्याचं. दिलेलं परत माझं कसं व्हईल? तूच कर ना सही. तुजं हाय, तुज्या बायकोचं हाय."

"मावशी, त्यांना माझी सही चालत नाही. तुमचीच हवी."

"मंग दे, करते. मना काय त्याचं." त्यांनी हात पुढे केला. मग थांबल्या. "पन त्यात लिवलंय ते खरं हाय ना? तू सांग. तू खरं म्हनशील तर करते."

पेन माझ्या हातात होतं. मी 'खरं आहे' म्हटलं असतं, तर काम तिथेच संपलं असतं. त्या कागदावरचं वाक्य कायद्याच्या भाषेत चुकीचंही नव्हतं. पण त्या बाईने मला विचारलं होतं, वकिलाला नाही. मला म्हणता आलं नाही. मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांनी मला सुकट बांधून दिली.

मग राहिला सोपा उपाय. धवल्याच्या जागी घंटा. पलीकडच्या काठावर देवळाची घंटा वाजते असं मानायचं, तीच उजवी-डावी करायची. काम अवघड नव्हतं, पण हात चालत नव्हता. त्या दिवसांत पहिल्यांदा ग्रेगरी मास्तरांचा फोन आठवला.

घरी मी घंटा वाजवून पाहत होतो. शुभांगी स्वयंपाकघरातून आली.

"हे काय वाजतंय?"

"घंटा."

"आणि मावशी?"

"काढली. सही नाही."

ती दाराशी उभी राहिली. "सरांसाठी ना?"

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. आत जाऊन तिने कपाट उघडलं, आमच्या लग्नातली ती सीडी काढली आणि साड्यांच्या घडीत ठेवली. मला दिसेल अशी ठेवली नव्हती. पण मला दिसली.

घंटेची प्रत घेऊन मी सरांकडे गेलो. एक गोष्ट सांगायची राहिली. नजर गेल्यावर सरांना आपला गेम खेळता येईना, फक्त तो धुक्याचा टप्पा सोडून. तिथे डोळे लागतच नव्हते. काकू कॉम्प्युटर लावून टप्पा आणून द्यायच्या आणि सर हेडफोन घालून, धवल्यावर कान ठेवून होडी किनाऱ्याला लावायचे. रोज. डोळसांपेक्षा चांगले.

मी हेडफोन त्यांच्या कानावर ठेवले, बोटं कळांवर ठेवून दिली. सर मान कलती करून ऐकत राहिले. होडी चुकली. पुन्हा चुकली. त्यांनी हेडफोन काढले.

"नाही रे जमत. ही माझी होडी नाही."

"सर, थोडा सराव केलात तर…"

"सराव कसला? मला मावशीच लागते. नकोच ते दुकान. कळवून टाक त्यांना."

"सर, नीट विचार करा. तुमची इच्छा होती."

"होती. आता नाही. लिही, आत्ताच लिही. मी इथे आहे तोवर लिही."

मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून दुकानाला ईमेल लिहिलं, की आम्ही गेम देऊ शकत नाही. काकूंनी केलेला चहा गार व्हायच्या आत ते पाठवलंही. खाली उतरताना माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. सरांना वाईट वाटलं असेल असा विचार मनात आला, पण निर्णय त्यांचाच आहे असं म्हणून मी तो बाजूला सारला. घरी जाऊन शुभांगीला सांगितलं. संध्याकाळी तिने ती सीडी साड्यांतून काढून पुन्हा टीव्हीखालच्या खणात ठेवली.

सर पुढे दोनेक वर्षांनी गेले. त्यांच्या खोलीची आवराआवर करताना काकूंनी मला बोलावलं, कॉम्प्युटर घेऊन जा म्हणाल्या.

"तुझी ती घंटेची सीडी पण आत आहे बघ. तीही लावायचे ते."

"घंटेची?" मी म्हटलं. "त्यांना तर ती जमत नव्हती."

"जमत नव्हती कोण म्हणालं? तू गेलास आणि लगेच पुन्हा लावायला सांगितली मला. एका दमात पोचले. म्हणाले, मालती, प्रमोदने घंटा अगदी बरोबर लावलीय, बिनडोळ्यांचा माणूसही पोचतो."

मी वायर गुंडाळत होतो. ती तशीच हातात राहिली.

"मग मला नाही का म्हणाले, काकू?"

काकूंनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "अरे, तुमच्या लग्नाचं गाणं ते. ते काढून दुकानात स्वतःचं नाव लावून घेतील का? मला म्हणाले, त्याला सांगू नकोस, तो गेम पुन्हा दुकानाला पाठवायला बसेल." मग त्या पुस्तकांवरची धूळ झटकत सहज बोलून गेल्या, "आणि म्हणाले, त्याचा चेहरा मला दिसत नाही, पण नको म्हटल्यावर पत्र किती भराभर टाईप केलं बघ. इतक्या वर्षांत त्याला इतकं भराभर टाईप करताना ऐकलं नव्हतं."

मी वायर सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

घंटेची प्रत माझ्याकडे आहे. ती चालते. काकू म्हणतात, सही हवी तेव्हा देईन, आता पाठव हवं तर. शुभांगी म्हणते, "तुझं तू ठरव. मी तेव्हाही ठीक आहे म्हटलं होतं." मथुरामावशी असत्या तर त्यांनी मला आणखी एकदा तेच सांगितलं असतं, की तुजं हाय, तूच कर सही. कुणाचीच हरकत नाही. ज्यांना दुकानात होडी हवी होती तेच राहिले नाहीत, आणि त्यांना ती हवी होती तेव्हा मी चहा गार होऊ दिला नाही. मी त्यावर अजून काही ठरवलेलं नाही. ग्रेगरी मास्तरांना मात्र त्यांची काढलेली मूळ गाणी एका सीडीवर नेऊन दिली. विकता येत नाहीत, पण सोफीच्या मुलांना ऐकता येतात. हे मला त्याच वर्षी सुचायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक ईमेल आलं. लिहिणाऱ्या बाई सध्या परदेशात आहेत, लहानपण विरारला गेलेलं. त्यांना गेमचं नावही आठवत नव्हतं. एवढंच लिहिलं होतं, की धुकं असायचं, काही दिसायचं नाही, आणि कुणीतरी बाई लांबून कुणा शुभांगीला बोलवायची. तो गेम कुठे मिळेल का?

मी नेहमीची ओळ लिहिली. एकेक अक्षर, सावकाश.